ठकी गुरगुरते, तर गुरगुरू दे

आमच्याकडे बोंबील, म्हणजे कुत्र्याचं नवं पिल्लू, आल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, "मग काय, ठकीशी गट्टी जमली का त्याची?" गुहागरच्या आमच्या पाटावरचे, म्हणजे वाडीतले, शेजारी विचारतात, खोलीवर उतरलेले पर्यटक विचारतात. पुण्याहून लेक तर व्हिडिओ कॉल लावून दोघांना शेजारी शेजारी बसवायला सांगते. गट्टीची घाई मला कधीच नव्हती. ठकी आमची जुनी कुत्री, तिला अकरावं सरलंय. या वयात तिला स्वतःच्याच ओटीवर उपरं होऊन कोपऱ्यात बसायला लागू नये, एवढंच मला हवं होतं. बाकी जमलं तर जमलं.

ठकी गावठी. तांबूस रंग, थुंतरी आता पांढरी झालेली. तिचं राज्य पुढच्या बेड्यापासून, म्हणजे फाटकापासून, मागच्या विहिरीपर्यंत. ओटीवरच्या झोपाळ्याखालची जागा तिची. पाहुण्यांपैकी कुणी झोपाळ्यावर बसून पाय हलवायला लागलं की खालून एक मोठा उसासा येतो. आजवर तिने कुणाला चावलेलं नाही, पण पोस्टमन अजून बेड्याबाहेरूनच हाक मारतो. हल्ली पायऱ्या चढताना तिचे मागचे पाय आखडतात. पावसाळ्यात जरा जास्तच.

बोंबील गुहागरजवळच्या असगोलीचा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून प्लास्टिकखाली झाकलेल्या असतात, आणि अशाच एका होडीच्या आडोशाला त्याची आई पिल्लं घेऊन राहिली होती. आमच्या ह्यांनी तो आधीच हेरून ठेवला होता, पण मी म्हटलं दोन महिन्यांचा होऊ दे. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू तोडू नये. केवळ दुधाचा प्रश्न नसतो. भावंडांत लोळताना किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो आणि खेळ मोडतो, हे ते शिकतं. ते शिक्षण घेऊन न आलेलं पिल्लू म्हाताऱ्या कुत्रीच्या गळ्यात मारायचं म्हणजे तिच्यावर अन्यायच. जून संपता संपता तो आला. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी तब्येत. ती बघूनच लेकीने फोनवरून नाव ठेवलं.

तो यायच्या आधी मी ठकीला चिपळूणला डॉक्टरांकडे नेऊन आणलं. गुहागर ते चिपळूण साधारण ४५ किलोमीटर, आणि ठकीला गाडी लागते, त्यामुळे तो दिवस कसा गेला ते लिहीत नाही. पण नवीन पिल्लाची तयारी जुन्या कुत्रीच्या कमरेपासून करावी, या मताची मी आहे. सांधे दुखत असलेल्या कुत्रीच्या अंगावर पिल्लू उडी मारणार, ती कळवळून त्याच्यावर जाणार, आणि आपण म्हणणार की म्हातारी खाष्ट आहे. डॉक्टरांनी पाय हलवून बघितले, गोळ्या दिल्या, वजन थोडं उतरवायला सांगितलं. आमच्या सासूबाईंचं म्हणणं असं की एवढ्या लांब जायची काय गरज होती, त्यांच्याच गुडघ्याची अर्धी गोळी तिला दिली असती. "आई, तुमची गोळी तिच्या पोटाला बाधेल," मी म्हटलं. आणि खरंच, माणसांच्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंड खराब होतं. आईंना पटलं नाही, पण डबी त्यांनी फडताळात वर ठेवली.

त्याच फेरीत ठकीच्या लशी पूर्ण करून घेतल्या. बोंबीलच्या नंतर सुरू झाल्या. पहिली सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, सोळाव्या आठवड्यापर्यंत. रेबीजची तिसऱ्या महिन्यानंतर. जंताचं औषध दर पंधरवड्याला. आमच्याकडे पावसात लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, भीती असते, उंदराच्या मुतातून ते साचलेल्या पाण्यात येतं आणि माणसांनाही होतं, म्हणून लेप्टो धरून असलेली लस मागून घ्यावी.

आता खरी अडचण. लेकीने पाठवलेला प्रत्येक व्हिडिओ सांगत होता की दोघांची पहिली भेट घराबाहेर, कुणाच्याच हद्दीत नसलेल्या जागी करा. बरोबर आहे. घरात थेट आणून सोडलं की जुन्या कुत्र्याला ती घुसखोरीच वाटते. आणि आम्हाला तर एवढा मोठा समुद्रकिनारा दाराशी. पण किनाऱ्यावर दहा ठिकाणची कुत्री हिंडतात, आणि बोंबीलच्या लशी अर्ध्यावरही नव्हत्या. पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, साध्या फिनेलने जात नाही. पार्व्हो झालेलं पिल्लू रक्ताची हगवण लागून दोन-चार दिवसांत हातचं जातं, पाटावर हे दरवर्षी कुठे ना कुठे होतं. तेव्हा व्हिडिओतल्या बाईंची हिरवळ आम्हाला उपयोगाची नव्हती.

आम्ही शेजारच्या काकूंचं आगर मागितलं. त्यांच्याकडे कुत्रं नाही, गडगा चारी बाजूंनी धड आहे, वर्षानुवर्षं कुठलं कुत्रं तिकडे फिरकलेलं नाही. ठकी तिथे कधी जात नसे, कारण काकूंची मांजर तिला सहन होत नाही. पावसाने जरा उघडीप दिली तशी हे ठकीला साखळीने घेऊन पुढे निघाले, मी बोंबीलला दोरी लावून बरंच अंतर ठेवून मागून. माड-पोफळींच्या मधून नुसतं चालायचं. भेटवायचं वगैरे काही नाही. ठकीने एकदा मागे वळून पाहिलं, हवेत नाक वर केलं आणि पुढे चालू पडली. बोंबीलचं लक्ष पडलेल्या झावळीकडे.

वास मात्र तिला ओळखीचा होता. तो यायच्या आधी हे असगोलीला गेले की गोणपाटाचा एक तुकडा पिल्लांच्या खाली टाकून यायचे आणि नंतर तो आणून मागच्या पडवीत ठेवायचे. ठकी तो हुंगून हुंगून सोडून द्यायची. तिचंही जुनं गोणपाट तिकडे पोचलं होतं. कुत्र्यांची निम्मी ओळखपाळख नाकानेच होते, तर ती आधीच उरकून घेतलेली बरी.

तिसऱ्या की चौथ्या फेरीत अंतर कमी केलं. दोघांच्या दोऱ्या सैल. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण आपण घाबरून दोरी ताणली की कुत्र्याचं अंगही ताठ होतं. ठकी त्याच्याजवळ गेली, समोरून नाही, अर्धवर्तुळ घेऊन बाजूने. शेपटीपाशी हुंगलं. बोंबील तिथल्या तिथे उताणा, पोट वर, आणि मुतला. ठकीने एक पाऊल मागे घेतलं, तोंड फिरवलं आणि अंग झाडलं, भिजली नसताना. अंगावरचा ताण कुत्री अशी झाडतात. "बस झालं, चला घरी," हे म्हणाले. मला अजून थांबायचं होतं, पण त्यांचंच बरोबर होतं. चांगलं चाललेलं असताना उठावं.

घरात आणताना ठकी आधी आत, मग तो. स्वयंपाकघराच्या दाराला बांबूचं बेडं आडवं लावून घेतलं होतं, तो त्याच्या आत. दोघांना एकमेकांचं दर्शन होईल, पण पंजा पोचणार नाही. लेक म्हणाली क्रेट, म्हणजे पिल्लाला ठेवायचा पिंजरा, घ्या. क्रेटची ऑनलाइन किंमत बघून आईंनी मागच्या पडवीतलं कोंबड्या डालायचं डालगं आणलं, धुऊन वाळवलं, आत जुनं लुगडं अंथरलं आणि बोंबीलला डालून ठेवला. तो पाच मिनिटं कुईकुई करून जो झोपला तो संध्याकाळीच उठला. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसातले अठरा-वीस तास झोपतं. झोप अपुरी राहिली की ते वेड लागल्यासारखं करतं, चावत सुटतं. आपल्याला वाटतं त्याला खेळायचंय. ठकीला सगळ्यात जास्त त्रास त्याच्या न झोपलेल्या वेळांचा झाला. म्हणून आमच्या घरातला नियम असा झाला की बोंबील चेकाळला की डालगं.

आणि आता गुरगुरण्याबद्दल.

पहिल्या आठवड्यात ठकी उठता-बसता गुरगुरत होती. तो झोपाळ्याच्या दिशेने आला की गुर्र. तिच्या शेपटीला तोंड लावलं की गुर्र. आणि दर वेळी घरातला कुणीतरी ओरडायचा, "ए ठके, गप! लहान आहे तो!" पाहुणे तर हमखास. एका बाईंनी मला समजावलं की तिला एक फटका द्या म्हणजे कळेल कुणाला जपायचं ते. मी त्या बाईंना चहा दिला.

कुत्रं गुरगुरतं म्हणजे ते बोलतं. मला हे आवडत नाहीये, लांब हो, एवढंच त्याचं म्हणणं असतं. तेवढ्यासाठी त्याला मार बसू लागला तर ते बोलणं सोडतं. त्रास तसाच राहतो, फक्त इशारा नाहीसा होतो. अशी कुत्री मग एक दिवस थेट चावतात आणि लोक म्हणतात, "काही कारण नसताना चावलं हो." म्हणून मी घरात सगळ्यांना सांगून टाकलं, ठकी गुरगुरली की तिला कुणी काही बोलायचं नाही. बोंबीलला उचलायचं, किंवा ठकीला निघून जायला वाट करून द्यायची. तिच्यासाठी माजघरातल्या पलंगावर जागा केली, खाली एक पाट लावला चढायला. बोंबीलला तिथे चढता येत नव्हतं. ती पहिल्यांदा वर चढून त्याच्याकडे खाली बघत बसली तेव्हा तिच्या तोंडावर जे समाधान होतं, ते मला आमच्या नणंदबाईंच्या तोंडावरही दिसलेलं आहे.

आवाजापेक्षा अंगाकडे बघत जावं. ठकी नुसती गुरगुरते तेव्हा तिचं तोंड थोडं सैल असतं, शेपूट खाली, नजर भलतीकडे. त्याची मला चिंता नाही. पण तोंड घट्ट मिटलेलं, अंग जागच्या जागी गोठलेलं, मान न वळवता फक्त डोळा वळवून बघणं, इतकं की डोळ्याचा पांढरा कोपरा दिसावा, असं झालं की आपण मध्ये पडायचं. तिथे गुरगुर थांबलेली असते बहुतेक वेळा, आणि तीच धोक्याची वेळ. मध्ये पडायचं म्हणजे हात घालायचा नाही. हाताला दात लागायचेच. आमच्याकडे ओटीवर भिंतीला एक सूप टेकवून ठेवलेलं असे. ते दोघांच्या मध्ये आडवं धरायचं. समोरचं दिसेनासं झालं की दोघांचाही आवेग उतरतो, आणि सुपाचा आवाज होत नाही, कुणाला लागत नाही. लेकीला हे इतकं आवडलं की तिने मैत्रिणींच्या ग्रुपवर सुपाचा फोटो टाकला.

एकदाच प्रकरण हाताबाहेर जायच्या बेतात आलं, ते बाठ्यावरून. हंगाम संपत आलेला, रायवळ आंब्यांची शेवटची पाटी. आई मागच्या पडवीत बसून आंबा चोखत होत्या आणि त्यांची जुनी सवय अशी की बाठा ठकीकडे टाकायचा. त्यांनी टाकला. ठकीने तो दोन पंजांत धरला आणि चाटायला लागली. बोंबील कधी सटकून तिथे पोचला ते कुणाला दिसलं नाही. त्याने सरळ तिच्या पंजांत तोंड घातलं. आवाज असा झाला की आईंच्या हातातला आंबा पडला. ठकीने त्याला खाली दाबला होता, तोंड त्याच्या मानेवर, आणि तो जिवाच्या आकांताने केकाटत होता. मी सूप घेऊन पोचेपर्यंत तिने सोडलंही. बोंबील माझ्या पायात आला, थरथरत. मी कान, मान, थुंतरी, पोट सगळं चाचपून बघितलं. रक्त नाही, ओरखडा नाही, फक्त मानेवरचे केस ओले. बेचाळीस दात असलेल्या जबड्याने त्या एवढ्याशा मानेवर लाळेशिवाय काही ठेवलं नव्हतं. तिला तोडायचं असतं तर तिला अर्धा क्षण पुरला असता.

"अगो, मारील ती त्याला," आई म्हणाल्या.

"मारायचं असतं तर मारलं असतं, आई. तिने सांगितलं त्याला."

"मग सांगेना का हळू आवाजात," म्हणाल्या, आणि पडलेला आंबा धुवायला गेल्या.

त्या दिवसापासून बाठा बंद. एक तर असल्या मोलाच्या वस्तूवरून भांडणं होतात. जेवणापेक्षा बाठा, हाड, सुक्या मासळीचं डोकं, यांवरून जास्त. दुसरं म्हणजे बाठा कुत्र्याने गिळला तर तो आतड्यात अडकतो आणि पोट फाडून काढायची पाळी येते. आंब्याच्या मुलखात राहून हे फार थोड्यांना माहीत असतं. ठकी इतकी वर्षं नुसती चाटत आली, बोंबील सगळं गिळणारा आहे. आईंनी बाठे केळीच्या बुंध्यात पुरायला सुरुवात केली आणि ठकी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

जेवणं वेगळी आहेत, वेगळीच राहणार. ठकी न्हाणीजवळ, बोंबील स्वयंपाकघरात दार लावून. तो चार वेळा खातो, ती दोनदा. भात, अंडं, मासे मिळतील तेव्हा बिनमिठाचे उकडून काटे काढलेले. ताट संपलं की ताट उचलायचं. रिकाम्या ताटावरूनही हक्क सांगता येतो, हे मला ठकीने दाखवलं.

पावसाने एक उपकार केला. बाहेर फिरायला मिळेना, म्हणून मी ओटीवर दोघांचं मिळून एक छोटं काम सुरू केलं. मुठीत उकडलेल्या अंड्याचे बारीक तुकडे. आधी ठकीचं नाव, ठकीला तुकडा, मग बोंबीलचं नाव, त्याला तुकडा. ठकीचा नंबर नेहमी पहिला. काही दिवसांनी तो आला की ती उठून जायच्याऐवजी माझ्या मुठीकडे बघायला लागली. तो जवळ असला की काहीतरी चांगलं घडतं, एवढा हिशोब तिने लावला असावा. आणि रोज सकाळी तासभर तो डालग्यात असताना मी फक्त तिच्याबरोबर. गोचिड्या बघायच्या, कान पुसायचे, पाठ खाजवायची. नव्याच्या नादात जुन्याचं खाजवणं राहून जातं, आणि मग ती चिडते तेव्हा आपण म्हणतो जळते.

आता तो चार महिन्यांचा झाला. पुढचे दुधाचे दात पडायला लागलेत, एक मला झोपाळ्याखाली सापडला. हो, झोपाळ्याखाली. तिथे तो कधीमधी असतो, अगदी कडेला, तिला न टेकता. लेक म्हणते लहान पिल्लाला मोठी कुत्री जी सूट देतात ती या वयाला संपते. ते दिसतंच आहे. पूर्वी ती गुरगुरून थांबायची, आता पंजा मारून खाली बसवते. तोही सुधारलाय. तिने ओठ उचलला की मान फिरवून दुसरीकडे काहीतरी फार महत्त्वाचं हुंगायला लागतो. परवा अंगणात ठकीने पुढचे पाय पसरून छाती खाली टेकवली, खेळायला बोलावताना करतात तशी. तिच्या पायांमुळे उडी एकच झाली, नंतर ती बसली आणि तो तिच्याभोवती फेऱ्या मारत राहिला. ह्यांनी व्हिडिओ काढेपर्यंत संपलं होतं.

लशी पूर्ण होऊन थोडे दिवस गेले की त्याला किनारा दाखवायचा. पण दोरीने, आणि नोव्हेंबरनंतर तर नक्कीच दोरीने. आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आणि मोकळी कुत्री घरटी उकरतात. वनखात्याची माणसं पहाटे फिरून अंडी गोळा करून कुंपणात नेऊन पुरतात, त्यांच्या मेहनतीवर आमच्या बोंबीलने पाणी ओतायला नको. रात्री दोघंही घरात. बिबट्याला अंगणातलं कुत्रं सोपं पडतं.

त्याआधी गणपती. घर भरणार, ढोलकी, फटाके, दहा जणांच्या हातात मोदक. ठकीचं पलंगावरचं बस्तान माजघरातून मागच्या खोलीत हलवणार आहे, आत्तापासूनच, म्हणजे आयत्या वेळी तिला नवीन वाटणार नाही. बोंबीलचं डालगंही तिकडेच, मध्ये बेडं. मुलांना सांगायचंय की ठकी आत गेली की तिच्या मागे जायचं नाही.

गौरीला यंदा पुतणसुनेचा पहिला ओवसा आहे, म्हणजे नव्या सुनेने गौरीपुढे सुपं भरून ठेवायची. आई सुपं मोजत होत्या, तर एक कमी. ओटीवरचं काढून बघितलं. एक कड बोंबीलने कुरतडून टाकलेली आणि मधोमध ठकीच्या पंजाचा चिखल. "हे गौरीपुढे ठेवायचं काय गो?" आईंनी विचारलं. नवीन आणायला बाजारात हे गेलेत, मी दोन आणायला सांगितलीत.